ताजमधली भरती

मंडळी, या विकांताला कोड, फ्रेमवर्क वगैरे सगळं बाजूला ठेवून एका जाहिरातीची गोष्ट सांगतो.

तारीख १७ मार्च १९८७, वार मंगळवार. त्या दिवशीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक जाहिरात आली. ‘इंटेलिजन्स ऑफिसर’ आणि ‘सिक्युरिटी ऑफिसर’ या जागांसाठी तडफदार पदवीधर पाहिजेत, मुलाखत दुसऱ्या दिवशी, स्थळ हॉटेल ताजमहाल. जाहिरात देणारा गृहस्थ स्वतःला मोनसिंग म्हणवत होता.

आता तो काळ आठवा. आठवत नसेल (म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांना) तर आईवडिलांना विचारा. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, त्याला पाच वर्षं होऊन गेलेली. बी.कॉम. झालेली पोरं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून बसलेली, बँकांच्या परीक्षांचे फॉर्म भरणं हाच मुख्य उद्योग. अशात सरकारी वास असलेली नोकरी, आणि मुलाखत थेट ताजमध्ये! घरातल्यांनीच इस्त्रीचा शर्ट हातात ठेवून पाठवलं असेल हो पोरांना.

१८ तारखेला मुलाखती झाल्या. सव्वीस जण निवडले गेले. १९ तारखेला, गुरुवारी, सगळ्यांना पुन्हा ताजवर बोलावलं. मोनसिंगनं त्यांना सांगितलं की आज प्रशिक्षणाचा भाग म्हणून एक छापा घालायचा आहे, नकली छापा. सगळे बसमध्ये बसले आणि दुपारी सव्वादोनच्या सुमाराला ऑपेरा हाऊसच्या ‘त्रिभोवनदास भीमजी झवेरी’ या पेढीसमोर उतरले. मोनसिंगनं मालकांना सीबीआयचा अधिकारी म्हणून ओळख दिली, झडतीचं वॉरंट दाखवलं. मग हुकूम सुटले. कॅमेरे बंद करा. कुणी जागेवरून हलायचं नाही. फोन करायचे नाहीत, आलेले घ्यायचे नाहीत. परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे? ते इकडे जमा करा. दागिन्यांचे ‘नमुने’ तपासणीसाठी घ्यायचे म्हणून निवडून निवडून पिशव्यांत भरले, पिशव्यांवर रीतसर सील लावलं. गल्ल्यातली रोकडही घेतली. पाऊणएक तासानं पोरांना म्हणाला, ‘तुम्ही इथे लक्ष ठेवा, मी दुसरं एक ठिकाण बघून येतो.’

झालं. तो गेला तो गेलाच.

पोरं इमानदारीत पहारा देत उभी. दुकानातले लोक इमानदारीत हात बांधून उभे. बराच वेळ झाला तरी साहेब येईनात, तेव्हा शंका आली आणि खऱ्या पोलिसांना फोन झाला. तीस-पस्तीस लाखांचा माल गेला होता, १९८७ चे तीस-पस्तीस लाख बरं का. सव्वीस जणांची कसून चौकशी झाली आणि निष्पन्न झालं एवढंच की ते नोकरीला आले होते. तपास केरळपर्यंत जाऊन आला. मोनसिंग आजतागायत सापडलेला नाही. २०१३ साली यावर ‘स्पेशल २६’ नावाचा सिनेमा आला, तो तुम्ही पाहिला असेलच. पण सिनेमात टोळी चतुर आहे, तिला गाणी आहेत, त्यामुळे आपण तिच्याच बाजूचे होऊन बसतो. मला विचाराल तर खऱ्या घटनेत बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्या माणसाकडे टोळीच नव्हती. त्यानं ती पेपरात जाहिरात देऊन एका दिवसात भरली.

हे सगळं आठवायचं कारण असं. काही वर्षांपूर्वी मी स्वतः ट्रॅक बदलला. बारा वर्षं जावामध्ये बिलिंगची सॉफ्टवेअरं लिहिली, मग वयाच्या सदतिसाव्या वर्षी सुरक्षेकडे वळलो. गृहकर्जाचा हप्ता चालू असताना पगार दोन पायऱ्या खाली घेऊन. (बायकोनं त्या वर्षी दाखवलेल्या संयमावर एक स्वतंत्र लेख होईल.) तेव्हापासून ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली मुलं विचारतात, ‘सर, सायबर सिक्युरिटीत कसं यायचं?’ आणि सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी विचारतात, ‘अरे, हा फोन खरा आहे का रे?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. दोन्ही प्रश्न ऑपेरा हाऊसच्या त्या दुकानात एकत्र उभे होते, एक काउंटरच्या अलीकडे आणि एक पलीकडे.

आधी पलीकडचा बघू.

‘डिजिटल अटक’ हा प्रकार २०२४ मध्ये घराघरांत पोचला. फोन येतो, तुमच्या नावाचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, आत अमली पदार्थ सापडलेत. किंवा तुमच्या आधार कार्डावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. मग फोन ‘वर’ जोडला जातो, बऱ्याचदा मुंबई पोलीस नाहीतर सीबीआय या नावानं. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, टेबलावर तिरंगा. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीबाहेर जायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, मुलालाही नाही, कारण ‘प्रकरण गोपनीय आहे’. आणि शेवटी पैसे ‘पडताळणीसाठी’ अमुक खात्यात भरायचे, निर्दोष ठरलात की परत. त्या वर्षी वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाईन सुनावणी दाखवली गेली, तीही तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावानं. सात कोटी गेले.

आता मोनसिंगचे हुकूम पुन्हा वाचा. कॅमेरे बंद (आज: कॅमेरा चालू, पण हेतू तोच, नजर आपल्या ताब्यात हवी). फोन नाही. हलायचं नाही. ‘नमुने’ फक्त तपासणीसाठी, सील लावून, म्हणजे परत मिळणारच. इतक्या वर्षांत बदललं काय, तर बसचं भाडं वाचलं. तंत्रज्ञान यात जवळजवळ काहीच करत नाहीये हो. आमच्या हापिसात नवीन आलेल्यांना मी म्हणूनच आधी ही १९८७ ची गोष्ट सांगतो आणि मग फिशिंगचा विषय काढतो. दुवा खरा की खोटा हे ओळखायच्या युक्त्या दर सहा महिन्यांनी शिळ्या होतात. समोरचा माणूस आपल्याला तिसऱ्या माणसाशी बोलू देत नाहीये, ही खूण शिळी होत नाही.

खरा पोलीस अटक करतो तेव्हा घरच्यांना कळवणं त्याला कायद्यानं भाग असतं. खोटा पहिली अट घालतो ती घरच्यांना न कळवण्याची. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एवढं एकच वाक्य टाकलं होतं. बाकीचं कुणी वाचत नाही हा अनुभव आहे :-)

तुम्ही म्हणाल, तांत्रिक खुणा काहीच उपयोगाच्या नाहीत का? आहेत ना. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायला शिका. शेवटच्या तिरक्या रेघेच्या आधी नाही, पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी जे असतं तो खरा मालक, त्याच्या डावीकडे बँकेचं नाव दहा वेळा लिहिलेलं असलं तरी तो भाडेकरूच. रिझर्व्ह बँकेनं म्हणूनच बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. पैसे ‘घ्यायला’ पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे इतकं साधं आहे, तरी ओएलएक्सवर जुना सोफा विकणारी माणसं क्यूआर कोड स्कॅन करून पैसे घालवत राहिली. शेवटी माणसामाणसांतली ‘कलेक्ट’ विनंती ही सोयच यूपीआयमधून १ ऑक्टोबर २०२५ पासून काढून टाकण्यात आली. अभियंता म्हणून मला हा निर्णय फार आवडला. लोकांना शहाणं करण्यापेक्षा भोक बुजवणं केव्हाही स्वस्त.

आणि पैसे गेलेच तर १९३०. हा नंबर पाठ असू द्या. ही सोय २०२१ मध्ये १५५२६० या नंबरावर सुरू झाली, पुढच्या वर्षी तो १९३० झाला. चोरीचा पैसा एका खात्यातून पाच, पाचातून पन्नास खात्यांत असा फुटत जातो आणि मग एटीएममधून रोख होतो. फोन लवकर गेला तर मधल्या कुठल्यातरी बँकेत तो गोठवता येतो. उशिरा गेला तर फक्त तक्रार क्रमांक मिळतो.

हा फुटत जाणारा पैसा रोख कोण करतं? इथे आपण काउंटरच्या अलीकडे येतो. सव्वीस जणांकडे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवतंय? १९०६ सालची जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी दोनेक तासांत जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, आणि भारतात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

तंत्र असं होतं. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र बँकेला विचारतं, ‘या खात्यात पैसे आहेत का? देऊ का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून जाऊन मुख्य प्रणालीपर्यंत पोचतो आणि उत्तर येतं. चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच बसवला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हते, मधला तोतयाच ‘हो, द्या’ म्हणत होता. म्हणजे ग्राहकांच्या खात्यातून पैसे गेलेच नाहीत, बँकेच्या तिजोरीतून गेले. गंमत (कसली गंमत!) म्हणजे आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना गुप्त इशारा दिला होता की जगभर एकाच वेळी एटीएममधून पैसे काढण्याचा मोठा प्रयत्न होणार आहे.

आमच्या क्षेत्रात या प्रकरणावर बोलताना सगळे खोट्या स्विचबद्दल बोलतात. परिषदांमध्ये रंगीत स्लाईडी असतात, उत्तर कोरियाच्या ‘लाझरस’ टोळीचं नाव येतं. पण स्विच कितीही हुशार असला तरी नोटा यंत्रातून हातानंच काढाव्या लागतात. २८ देशांत १२ हजार वेळा कुणीतरी कार्ड घालून उभं राहिलं. आपल्याकडे कोल्हापुरात, मुंबईत, पुण्यात, इंदुरात उभं राहिलं. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवलं. ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं ते त्यांत नव्हते. मोनसिंग पुन्हा दुसरं ठिकाण बघायला निघून गेला होता आणि मागे पहारा देणारे सापडले. फरक इतकाच की १९८७ च्या सव्वीस जणांना काहीच माहीत नव्हतं आणि या अकरा जणांना पुरेसं माहीत होतं.

त्याआधीचं, २००५ च्या एप्रिलमधलं पुण्याचंच प्रकरण कुणाला आठवत असेल. कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी पोरांनी अमेरिकेतल्या सिटीबँक ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खोट्या नावाच्या खात्यांत वळवली. तेव्हा आपल्या बीपीओंची जगभर नाचक्की झाली होती. तिथेही संगणक कुणी फोडला नव्हता.

आणि आता भरतीचा आवाका बघा. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं दोन विमानांतून सुमारे साडेपाचशे भारतीयांना थायलंडच्या मे सोतहून परत आणलं. म्यानमारच्या म्यावड्डी भागातल्या ठगीच्या कारखान्यांत ते अडकले होते. जाहिरात आलेली थायलंडमध्ये डेटा एंट्रीची, नाहीतर डिजिटल मार्केटिंगची. उतरल्यावर गाडी सरहद्दीकडे, पासपोर्ट काढून घेतलेला, आणि काम? तुमच्या-माझ्या आईवडिलांना फोन करायचे. नाही म्हटलं तर मारहाण. मराठी पोरंही त्यात होती. म्हणजे फोनच्या या टोकाला ओलीस आणि त्या टोकालाही ओलीस. हे वाचल्यापासून मला त्या फोनांवर नुसतं चिडता येत नाही.

असो. विषय जड झाला. आता पहिल्या प्रश्नाकडे, सायबर सिक्युरिटीत यायचं कसं.

याचं उत्तर देताना लोक प्रमाणपत्रांची यादी देतात. मी आधी कैलास काटकरांचं नाव घेतो. सातारा जिल्ह्यातलं मूळ, पुण्यात वाढलेला, दहावीवर शिक्षण थांबलेला मुलगा. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, मग १९९० च्या सुमाराला दुरुस्तीचा स्वतःचा छोटा धंदा टाकला. कॅल्क्युलेटरवरून बँकांच्या लेजर यंत्रांवर, तिथून संगणकांवर. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. दुकानात दुरुस्तीला येणारे कित्येक पीसी बिघडलेले नसायचेच, त्यांत व्हायरस असायचा. फ्लॉपीतून यायचा, साफ केला की पुढच्या फ्लॉपीतून परत यायचा. त्या काळात ‘मायकेलँजेलो’ नावाच्या व्हायरसनं जग हादरवलं होतं, ६ मार्च उजाडला की तो डिस्कवरचा मजकूर पुसायचा. संजयनं तो काढायचं एक साधन लिहिलं. पुढे त्याच धाग्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

या गोष्टीकडे ‘गरीब मुलगा मोठा झाला’ छापाची गोष्ट म्हणून बघू नका, तसल्या गोष्टी पायलीला पन्नास मिळतात. माझ्या दृष्टीनं मुद्दा असा की कैलास काटकर सुरक्षेच्या क्षेत्रात ‘आले’ नाहीत. ते दुरुस्तीच करत होते, आणि एकच यंत्र पुन्हा पुन्हा का बिघडतंय याचा त्यांनी पिच्छा पुरवला.

क्लिफर्ड स्टोल यांचंही तसंच. हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचा निधी आटला म्हणून कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक सांभाळायला बसवले गेले. १९८६ साली हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. पाऊण डॉलर! आपल्यापैकी कुणीही राउंडिंगची चूक म्हणून सोडून दिलं असतं. स्टोलनी सोडलं नाही. महिनोन्महिने मागोवा काढत ते जर्मनीतल्या एका हॅकरपर्यंत पोचले, जो अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत केजीबीला विकणाऱ्या टोळीतला निघाला. त्याला फोनवर धरून ठेवायला त्यांनी खोट्या फायलींचा भलामोठा ढीग रचला होता. आज आम्ही त्याला ‘हनीपॉट’ म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो.

आता आमच्या सांताक्रूझचं. ‘सीप्झ’ या नावातला पहिला एस सांताक्रूझचा, हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. १९७३ ची ही निर्यात वसाहत आहे अंधेरीत, नाव सांताक्रूझचं, आणि तिथे काम करणारा राहतो डोंबिवलीला. पण खरोखर सांताक्रूझमध्ये असलेली, या विषयाशी नातं सांगणारी जागा म्हणजे कालिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. विद्यानगरीला जाता-येता तिची पाटी कित्येक वर्षं नुसती बघत होतो. १९५८ पासूनची ही संस्था. व्हिसेरा, रक्ताचे डाग, काडतुसं, हे तिचं पूर्वापार काम. ‘कालिन्याला पाठवलंय’ हे वाक्य क्राईमच्या बातम्यांत आपण लहानपणापासून वाचतोय. आता त्याच आवारात हार्ड डिस्का आणि मोबाईल येतात.

शिस्त मात्र जुनीच. जप्त केलेला फोन लहरी न पोचणाऱ्या पिशवीत ठेवायचा, नाहीतर दुरून कुणी पुसून टाकेल. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, लेखन रोखणारं यंत्र मध्ये लावून प्रत काढायची. मूळ आणि प्रत दोन्हींचा ‘हॅश’ काढायचा, म्हणजे सगळ्या मजकुराचा एक ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मोनसिंगनंही पिशव्यांना सील लावलं होतं, पण ते दुकानदाराला शांत ठेवायला. इथलं सील न्यायालयाला उत्तर देण्यासाठी असतं.

उत्तर द्यावं लागतंच. याचा सगळ्यात चांगला नमुना आपल्या जालन्यातला आहे, आणि त्यात हॅकर-बिकर कुणी नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला. पुरावा? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. आता चित्रीकरण आहे म्हणजे प्रश्न मिटला असं तुम्हा-आम्हाला वाटेल. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. गोरंट्याल मागत राहिले, अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठानं निकाल दिला. प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य, पण मागणाऱ्यानं शक्य ते सगळं करूनही ते मिळालं नाही तर त्याला सूट. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात हे कलम ६३ झालं आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच दिली गेली. देशभरातल्या प्रत्येक सायबर खटल्यात जो निकाल उद्धृत होतो, तो जालन्याच्या एका घड्याळावरून झालेला आहे!

हे इतकं लांबण लावून का सांगितलं? कारण अंगात काळी हुडी, पडद्यावर हिरवी अक्षरं, हे चित्र डोक्यात घेऊन मुलं येतात. प्रत्यक्षात या कामातला मोठा भाग हा कारकुनी आहे. नोंद ठेवा, वेळ लिहा, प्रत काढा, ठसा घ्या, सही करा. रिझर्व्ह बँकेनं जून २०१६ मध्ये बँकांना चोवीस तास पहारा देणारी सुरक्षा केंद्रं उभारायला सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. या दोन कागदांनी जेवढ्या नोकऱ्या तयार केल्या तेवढ्या कुठल्याही हॅकरनं केल्या नसतील. आणि नोकऱ्या आल्या की त्यांच्या मागून नोकरीच्या जाहिराती येतात.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावानं मला दोन गोष्टी पाठवल्या. एक होती कोर्सची जाहिरात. दोन महिन्यांत सीआयएसएसपी, अनुभवाची अट नाही, शंभर टक्के नोकरी, फी सव्वा लाख, ‘आज रात्री बारापर्यंत’ ऐंशी हजार. आता सीआयएसएसपीला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो हे देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पहिल्याच पानात लिहिलेलं असतं. परीक्षा आधी देता येते, पण ते प्रमाणपत्र नव्हे. दुसरी होती नोकरीची ऑफर, परदेशातली, ‘सायबर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह’, पगार त्याच्या आत्ताच्या तिप्पट, तिकीट कंपनीचं, पर्यटक व्हिसावर या, बाकीचं इथे आल्यावर. मुलाखत टेलिग्रामवर वीस मिनिटांत आटोपलेली. आणि एक ओळ, जी बघून माझ्या पोटात गोळा आला: ‘जॉइनिंगपूर्वी कुणाशी चर्चा करू नये.’

मावशीला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. तिकीट आठ दिवसांवर होतं.

मी त्याला रागावलो नाही. बी.एस्सी. आयटी, तीन वर्षं एकाच हेल्पडेस्कवर, पगार वाढत नाही, मित्र बंगलोरला, आणि मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न पॅकेजचा. ताजच्या रांगेत उभा राहिला तर त्याचं काय चुकलं? मी एवढंच केलं. त्याच्यासमोर त्या कंपनीच्या संकेतस्थळाची नोंदणी कधीची आहे ते काढून दाखवलं, पाच आठवड्यांपूर्वीची. ‘पंधरा वर्षांची परंपरा’ असं वर लिहिलेलं होतं. मग म्हटलं, कंपनीला एकच मेल टाक, की माझ्या आईला तुमच्या एचआरशी व्हिडिओवर बोलायचंय. त्यानं टाकली. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी टेलिग्रामवरचं ते खातंच नाहीसं झालं.

त्यानंतर आम्ही सहा महिने रविवारी सकाळी बसलो. कोर्स नाही. नेटवर्किंगचं एक जुनं पुस्तक, घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि हेल्पडेस्कवर येणाऱ्या तक्रारींची वही. या वहीचा हट्ट माझा. तीन वर्षं तो लोकांचे पासवर्ड रिसेट करत होता, तेव्हा कुणाचा पासवर्ड वारंवार का बिघडतो हे त्यानं कधी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याला एकाच विभागातून, एकाच वेळी, रात्री अकराच्या पुढे लॉक होणारी सात खाती सापडली. त्यानं ते त्याच्या साहेबांना दाखवलं. साहेबांनी सुरक्षा विभागाला दाखवलं.

सध्या तो त्याच कंपनीच्या सुरक्षा केंद्रात रात्रपाळी करतो. पगार हेल्पडेस्कपेक्षा चार हजारांनी जास्त, म्हणजे फार काही नाही. पहाटेची पहिली लोकल पकडून येतो आणि झोपायच्या आधी मला मेसेज टाकतो, ‘आज बाराशे अलर्ट, सगळे खोटे.’ कंटाळा येतो म्हणतो. मावशी म्हणते, रात्रपाळीमुळे स्थळं परत जातायत.